कडूबाईची सात वर्षांची मटकी

बेंबळीत एके काळी अशी कुजबुज होती की कडूबाईनं नव्या सुनेला उसळीतून खडे खाऊ घातले, पोरीची दाढ तुटली, आणि म्हणून ती ढोकीला माहेरी जाऊन बसली ती परत यायला तयार नाही. पाणवठ्यावर ही गोष्ट सांगताना बाया आवाज खाली आणत, पण इतकाही नाही की पलीकडच्या घागरवालीला ऐकू जाऊ नये. कुणी म्हणे खडे ओढ्यातले होते. कुणी म्हणे सारख्या आकाराचे निवडून घेतले होते. एकीनं तर कडूबाईनं ते आधी धुऊन घेतले होते असंही सांगितलं, म्हणजे बाई दुष्ट असली तरी स्वच्छतेची होती.

साल फसली तेराशे त्रेपन्न, इंग्रजी चव्वेचाळीस. निजामाचं राज्य, तिकडं लढाई चाललेली, आणि लेव्हीवाले घरोघर येऊन ज्वारी घेऊन जात. ज्वारीबद्दल मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. कडूबाईबद्दल होती.

कडूबाईच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती, म्हणून हिचं नाव कडू ठेवलं, म्हणजे यमाला हिची चव लागू नये. युक्ती लागू पडली. ती जगली, आणि अशी जगली की आसपासच्या सगळ्यांना तिच्या मतानं जगावं लागलं. उंच, हाडकुळी, पन्नाशीला टेकलेली विधवा. घरी एकुलता एक मुलगा रामकिसन, चोवीस एकर हलकं-भारी रान, दोन बैल आणि कडूबाईचा हुकूम. तिच्या घरातून कुठलीही वस्तू बाहेर पडत नसे. लुगडं विटलं की वाकळेत, वाकळ फाटली की पोतेऱ्यात, आणि पोतेऱ्याच्या चिंध्या झाल्या की त्या रांजणाच्या तोंडाला.

तो रांजण म्हणजे तिचा अभिमान. सात वर्षांपूर्वी, नवरा जिता असताना, माळाच्या पट्टीत मटकी अशी आली की वेलांत पाय अडकावेत. कडूबाईनं त्यातली दाणेदार मटकी निवडली, एरंडेलाचा हात फिरवला, चाळलेल्या राखेत घोळली, वर लिंबाचा पाला घातला आणि रांजणाचं तोंड शेणमातीनं लिंपून टाकलं. ही रामकिसनच्या बायकोसाठी, असं तिनं तेव्हाच जाहीर केलं. रामकिसन तेव्हा पंधरा वर्षांचा होता आणि त्याला मटकीत रस नव्हता, बायकोत तर नव्हताच.

त्यांच्या घरची एक रीत होती. लग्नाच्या पाचव्या दिवशी सासू आपल्या साठवणीतली पाच मुठी मटकी सुनेच्या पदरात घालते. सून ती निवडते, भिजत घालते, फडक्यात बांधून चुलीमागच्या खुंटीला टांगते. तिसऱ्या दिवशी भावकीतल्या बाया जमतात आणि सगळ्यांसमोर गाठ सुटते. मोड लांब आले तर पोरीच्या हाताला बरकत, आणि मग उसळ करून प्रत्येकीच्या घरी वाटीभर जाते. मटकी सासूच्या साठवणीतलीच पाहिजे, दुकानातली चालत नाही, शेजारची चालत नाही. कडूबाई या घरात आली तेव्हा मोड करंगळीच्या अर्ध्या पेराएवढे आले होते. दरवर्षी सांगताना ते थोडे थोडे वाढत गेले. रामकिसनचं लग्न ठरेपर्यंत ते आख्ख्या करंगळीएवढे झाले होते.

लग्न मात्र लांबत गेलं. मधे नवरा वारला, एक स्थळ पत्रिकेवरून मोडलं, एक कडूबाईनं मुलीच्या आईचं बोलणं ऐकून मोडलं. रांजण तसाच. दर चैत्रात ती लिंपण फोडायची, कोपरापर्यंत हात राखेत घालायची आणि मूठभर मटकी वर काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची. किडा नाही, भुंगा नाही, जाळी नाही. भुंग्यानं सात वर्षं तिकडं ढुंकूनही का पाहिलं नाही, हा प्रश्न तिला पडला नाही.

शेवटी वैशाखात ढोकीच्या दगडोबाची मुलगी, केवळ नावाची, सून होऊन या घरात आली. सतरा वर्षांची, बोलायला कमी, बघायला जास्त. पाचव्या दिवशी तिच्या पदरात पाच मुठी पडल्या. तिनं ओसरीच्या कडेला बसून दाणा न दाणा निवडला, भिजवला, बांधला, टांगला. वैशाखातल्या उकाड्यात मटकीला एक रात्र पुरते. इथं दोन रात्री दिल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी अकरा बाया जमल्या. गाठ सुटली आणि आधी वास आला. निम्मी मटकी बुळबुळीत झाली होती आणि निम्मी बांधली तशीच कोरडी ठणठणीत, बंदुकीच्या छऱ्यांसारखी. असल्या न भिजणाऱ्या दाण्याला आपल्याकडं गणंग म्हणतात. मुठीत एखाददुसरा निघतो. इथं सगळी पंगतच गणंगांची. मोड एकालाही नव्हता. एका म्हातारीनं दया येऊन विहिरीचं पाणी जड असेल म्हणून सांगितलं. सगळ्या कडूबाईकडं बघायला लागल्या.

कडूबाईसमोर दोन वाटा होत्या. एकीवर तिचा रांजण होता आणि दुसरीवर ही आठ दिवसांची पोरगी. ती म्हणाली, "मटकी राखेतली हाय. तिला काय झालेलं न्हाय. हात बघा हिचा."

केवळनं फडक्याची गाठ पुन्हा मारली आणि आत निघून गेली. बाया वाटीभर उसळीशिवाय घरी गेल्या, पण रिकाम्या हातानं गेल्या असं म्हणता येणार नाही.

पुढचा महिना त्या घरात मटकीशिवाय दुसरं काही घडलंच नाही. कडूबाई आता स्वतः उभी राहून सुनेकडून करवून घेऊ लागली. दुसऱ्या वेळी पाणी कोमट केलं आणि पुरचुंडी घोंगडीत गुंडाळून ठेवली. घोंगडीला असा वास लागला की रामकिसन उघड्यावर झोपायला लागला. तिसऱ्या वेळी पुरचुंडी उकिरड्याच्या उबेत पुरली. ती कुत्र्यानं उकरून काढली, हुंगली आणि तिथंच टाकून दिली. कडूबाईनं त्या कुत्र्याला दगड मारला, म्हणजे चूक कुणाची हे तिच्या लेखी ठरलेलं होतं.

रामकिसन हा आईसमोर तोंड न उघडणारा माणूस. त्यानं एकदाच हिंमत केली. दुसरी मटकी देऊन बघ, म्हणाला. कडूबाई उसळली. दुसऱ्याच्या मटकीनं हात कळतो व्हय, असं तिनं विचारलं आणि त्याच्या ताटात भाकरी अशी टाकली की कालवण अंगावर उडालं. तो तसाच उठून रानात गेला.

चौथ्या वेळी, जेठाच्या सुरुवातीला, तिनं केवळला गोवऱ्या वेचायला पाठवलं आणि दार लोटून स्वतः मटकी भिजत घातली. पाणी तिचं, फडकं तिचं, गाठ तिची, हात तिचा. दोन दिवसांनी गाठ सोडली. तोच वास, तेच छरे. बाईनं ती पुरचुंडी परसात नेऊन पुरली, हात तीनदा धुतले आणि सून आल्यावर तिला कुणी सांगितलं होतं एवढा वेळ लावायला म्हणून बोलली. कडूबाईला तेव्हाच कळलं होतं. सांगायचं मात्र राहिलं.

न सांगितलेली गोष्ट घरात शिळ्या आमटीसारखी आंबत जाते. दूध नासलं, केवळचा हात. कोंबडी अंड्यावरून उठली, केवळचा हात. कैरीच्या लोणच्याला बुरशी आली, ते तर कडूबाईनंच घातलं होतं, पण बरणी केवळनं उचलून ठेवली होती. मृगात पेरणी लागली. तिफणीमागं चाडं धरून बी सोडायचं काम घरच्या बाईचं, आणि नव्या सुनेनं पहिली मूठ सोडायची असते. भावकीतल्या बायांनी आधीच कानावर घातलं होतं की त्या पोरीला चाड्याला हात लावू देऊ नका. कडूबाईनं स्वतः चाडं धरलं. केवळ बांधावर पाण्याची घागर घेऊन दिवसभर उभी राहिली. कुणी पाणी मागितलं नाही.

पंचमीला ढोकीहून गाडी आली आणि केवळ माहेरी गेली. पंचमी झाली, पोळा झाला, केवळ आली नाही. एक निरोप आला की तब्येत बरी नाही, मग दुसरा आला की बघू. रामकिसन आता मीठ-भाकरी खायचा आणि आई काही विचारायला लागली की बैलांशी बोलायचा.

कडूबाईचा जीव टांगणीला लागला होता, पण तो सुनेवर टांगला होता की रांजणावर, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. भिंतीपलीकडं जमिलाबी राहायची. दोघी वीस वर्षांच्या शेजारणी, एकमेकींच्या चुलीचा विस्तव नेणाऱ्या. कडूबाई तिच्याकडं गेली आणि बराच वेळ शेळीबद्दल बोलली. मग म्हणाली की एखाद्याची मटकी मोडच धरत नसेल तर काय करतात.

"एखाद्याची म्हंजे कुणाची, कडूबाई?"

"एखाद्याची."

जमिलाबीनं हसू पदरात दाबलं आणि उपाय सांगितला. दाणा खरबरीत विटेवर घासायचा, साल ओरखडली की पाणी आत शिरतं. कडूबाई दोन दुपारी वीट घेऊन बसली. बोटांची सालं निघाली, दाण्यांचीही निघाली. भिजत घातली तर खरंच एकूण एक दाणा फुगला. बाईचा चेहरा वैशाखानंतर पहिल्यांदा सैल झाला. दुसऱ्या दिवशी गाठ सोडली तर फुगलेला एकूण एक दाणा कुजला होता. फडकं घेऊन ती तशीच भिंतीशी गेली आणि जमिलाबीला दाखवलं, जणू वीट तिनं फसवून दिली होती.

जमिलाबीनं फडक्याकडं बघितलं. "आमच्यात मय्यताला तीन बार आंघोळ घालतेत," ती म्हणाली. "तुम्ही पाच बार घातली. आता बास करा."

असं कुणी तोंडावर बोलल्यावर दुसऱ्या कुणी रांजण उकिरड्यावर पालथा केला असता. कडूबाईनं ठरवलं की मटकी मोडाला नसेल, पण खायला उत्तम आहे, आणि ती खाऊन दाखवायची. कुणाला दाखवायची, हा प्रश्नच होता, कारण घरात ती आणि रामकिसन दोघंच. पापडखार घालून रात्रभर भिजवायची, सकाळपासून दुपारपर्यंत शिजवायची. सरपण संपायचं, मटकी शिजायची नाही. दोन दाणे मऊ तर तिसरा गणंग. जात्यावर भरडायला घेतली तर वरची तळी उड्या मारायला लागली. जमिलाबीच्या शेळीपुढं ठेवली. शेळीनं भांडं शिंगानं सारून दिलं. रामकिसननं पहिल्या दिवशी चार घास खाल्ले आणि दुसऱ्या दिवसापासून तो जेवून यायला लागला. कुठून, ते सांगत नसे. कडूबाई रोज एकटी थाळी घेऊन बसायची आणि चिडून चिडून खायची.

भाद्रपदात एका संध्याकाळी ती गालावर पदर धरून वीरप्पा वाण्याच्या दुकानात गेली आणि लवंगा मागितल्या. वीरप्पा हा सज्जन माणूस. गिऱ्हाईक काय नेतंय यापेक्षा कशासाठी नेतंय याची त्याला जास्त काळजी. त्यानं विचारलं, कुणाला झालं काय. कडूबाई म्हणाली, "सुनेची दाढ दुखती."

सून दीड महिना ढोकीला होती हे वीरप्पाला पाठ होतं. त्यानं लवंगा पुडीत बांधल्या, जरा जास्तच घातल्या आणि काही बोलला नाही. कडूबाईशी बोलला नाही, एवढंच. दिवे लागेपर्यंत गावानं हिशेब जुळवला होता. दाढ सुनेची, सून माहेरी, आणि कडूबाईच्या चुलीवर रोज चढणारी ती न शिजणारी उसळ. मटकीनं कुठं दाढ तुटते? खडेच असणार.

आठवडाभरात ही गोष्ट बाजाराच्या गाड्यांबरोबर ढोकीला पोचली. दगडोबाचा उलटा निरोप आला की पोरगी आम्ही खडे खायला दिलेली नाही, तुमचं तुम्ही बघून घ्या. निरोप आणणाऱ्यानं तो चौकात उभं राहून सांगितला.

त्या दिवशी रामकिसननं गाडी जुंपायला घेतली. आईकडं न बघता म्हणाला, "म्या ढोकीला चाललो. तुला यायचं तर ये. न्हाय आलीस तर म्या तिकडंच राहीन."

एकुलता एक पोरगा घरजावई होऊन सासऱ्याच्या बांधावर उभा राहणार, हे चित्र कडूबाईच्या डोळ्यांपुढं आलं असावं. ती आत गेली, पदराच्या टोकाला काहीतरी बांधलं आणि गाडीत बसली. गालावरचा पदर तसाच. वाटभर ती बैलांच्या चालीवर, रस्त्यावर आणि रामकिसनच्या कासऱ्यावर चिडत होती.

ढोकीत पोचेस्तोवर दिवस मावळतीला लागला होता. पाणी मिळालं, गूळ मिळाला नाही. दगडोबानं सरळ विचारलं की आमच्या पोरीला खडे घालता असं ऐकतो, खरं का. कडूबाईनं पदराची गाठ सोडली आणि मूठभर मटकी पुढं केली. हेच ते खडे, म्हणाली. दगडोबानं एक दाणा दाढेखाली धरला, थांबला आणि तो तळहातावर काढून उजेडात बघितला.

"किती सालची?"

कडूबाईनं रामकिसनकडं बघितलं. तो छताच्या वाशांकडं बघत होता. "सात," ती म्हणाली.

"हिला मोड येतील व्हय?"

"न्हाय येत. म्या माझ्या हातानं घालून बघितली."

दाराआडून केवळचा आवाज आला. "कवा बघितली, आत्याबाई?"

"जेठात."

"म्हंजी पेरणीच्या आधी."

कडूबाईनं खाली बघितलं. "व्हय," ती म्हणाली.

केवळ दारात येऊन उभी राहिली. तिनं सांगितलं की तिनं तर पाचव्या दिवशी निवडतानाच एक दाणा नखानं दाबून बघितला होता. माहेरी मटकी तीही निवडत आली होती. तिला तेव्हाच कळलं.

"मग बोलली का न्हाईस?" कडूबाईला राग आला, आणि आता तो काढायला जागा सापडली म्हणून तिला जरा बरंही वाटलं.

"पाच दिसाच्या सुनेनं सासूची मटकी मेली म्हणायचं? तुमी ऐकलं असतं?"

केवळचं एकच मागणं होतं. ज्या बायांसमोर तिच्या हाताला नाव ठेवलं, त्याच बायांसमोर आत्याबाईंनी मटकी मेली होती असं म्हणायचं. म्हणणार असतील तर ती येते, नाही तर गाडी मोकळी जाऊ दे. दगडोबानं समजुतीचं काहीतरी बोलायला घेतलं, तर लेकीनं त्यालाही थांबवलं. कडूबाईनं बराच वेळ लुगड्याचा काठ चोळला. मग म्हणाली, "बस गाडीत."

दसऱ्याला रानातली नवी मटकी घरात आली. केवळनं ती भिजवली, बांधली, टांगली. तिसऱ्या दिवशी त्याच अकरा बाया आल्या. कडूबाई मधोमध उभी राहिली आणि लेव्हीवाल्याला नाव सांगावं तसं भराभर म्हणाली, "वैशाखातली मटकी मेलेली व्हती. सात सालची व्हती. पोरीचा हात चांगला हाय. पुढच्या पेरणीला चाडं तीच धरंल."

एवढी चार वाक्यं ओठांवर आणायला तिला पाच महिने लागले होते, आणि ती कुणी ऐकलीच नाहीत. बायांचं लक्ष केवळच्या तोंडाकडं होतं. ती हसते का, हसली तर किती हसते, जबडा कुठल्या बाजूनं हलतो. एकीनं मुद्दाम आख्खी सुपारी पुढं केली. केवळनं ती कडकन फोडली. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या आणि दुसऱ्या बाजूनं फोडली असं ठरलं. फडकं सुटलं, मोड आले होते, चांगले आले होते. ते बघायला म्हणून एक जमिलाबीच तेवढी भिंतीवरून वाकली होती.

कडूबाईनं पुढं कैक वर्षं ही कुजबुज खोडून काढायचा प्रयत्न केला. पाणवठ्यावर भांडली, वीरप्पाच्या दुकानात भांडली, एका लग्नात पंगतीत उभी राहून भांडली. जितकी भांडली तितके खडे मोठे होत गेले. केवळनं त्या घरात चार पोरं वाढवली, तीस पेरण्यांना चाडं धरलं, आणि तरी नवी सोयरीक जुळवायला आलेला पाहुणा तिच्या दातांकडं बघूनच रामराम घालायचा. कडूबाईला त्याचा शेवटपर्यंत संताप होता. पण लवंगांचं खरं काय ते ती बोलली नाही, आणि केवळनंही तिला बोलायला लावलं नाही.

खडे नव्हते. मटकी होती, आणि केवळनं तिच्या उसळीचा एक घासही कधी खाल्ला नाही. भाद्रपदातल्या एका दुपारी कडूबाई एकटी जेवायला बसली होती, तेव्हा तिची खालची उजवी दाढ तुटली. लवंगा तिनं स्वतःसाठी नेल्या होत्या.